फिरत्या पिस्टनची झडती

गावाचा आगीचा बंब नव्या इमारतीत राहायला गेला आणि जुनं बंबघर रिकामं पडलं. ते कोणी वापरायचं यावरून ग्रामसभेत चार हिवाळे भांडण चाललं. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणालं, "मग लावा मोपेडची शर्यत, आणि जिंकेल त्याला द्या वर्षभर चावी!" हे वैतागून बोललेलं वाक्य इतिवृत्तात गेलं. आमच्या नीडरवासेन या जर्मन खेड्यात इतिवृत्तात गेलेली गोष्ट जिवंत बाहेर येत नाही. तेव्हापासून दर वर्षी गव्हाचं शेत मोकळं झालं की त्याच्याभोवती चार तास मोपेड फिरतात, आणि ज्याचे फेरे जास्त त्याला चावी.

ती चावी सतत खाटीक म्युकले यांच्या मंडळाकडे असायची. मंडळ मोपेडप्रेमींचं होतं, पण बंबघराच्या धुराड्यातून बाराही महिने बीच झाडाच्या लाकडाचा धूर यायचा. त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही, कारण त्या धुरात मुरलेले सॉसेज चांगले होते.

यंदा मला तपासणी समितीवर घेतलं. कारण मी कोणाचाच नातेवाईक नाही. मी पलीकडच्या खोऱ्यातला, आणि मला इथे येऊन फक्त अकरा वर्षं झालीत. समितीचे अध्यक्ष ड्योर्टनबाख साहेब. हे वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म त्यांनी पेट्रोल पंपांवर संशय घेण्यात घालवला आणि एकदाही निराश झाले नाहीत. दुसऱ्या सभासद गुरांच्या डॉक्टर ओटिली, कारण मोजायला मोठी सिरिंज त्यांच्याकडेच होती.

नियम सोपे होते. इंजिन पन्नास सीसीच्या आत. पायडल असलेच पाहिजेत. पेट्रोल सगळ्यांना सारखं, समितीनं शिक्का मारलेल्या दोन डब्यांत. तेल ज्यानं त्यानं आपापलं, शिक्क्याआधी आमच्या डोळ्यांदेखत पेट्रोलमध्ये घालायचं; नंतर एक थेंबही नाही.

सकाळी चौदा नंबरची मोपेड आली. ढकलत आणणाऱ्या श्लेहबाई. यांनी तरुणपणी खोऱ्यातल्या कारखान्यात फिरत्या पिस्टनची छोटी इंजिनं तपासली होती. तेव्हा म्हणे सगळ्यांची खात्री होती की जग आता याच इंजिनावर चालणार. गवत कापायला, बर्फावरच्या गाडीला, होडीला, दिवे लावायला, सगळीकडे हेच. पुढे कळलं की ते पेट्रोल फार पितं आणि त्याच्या कोपऱ्यातल्या पट्ट्या झिजतात. मग जगानं विचार बदलला. श्लेहबाईंनी बदलला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी लोखंड कातायचा एक जुना लेथ घेतला आणि घरी तशीच इंजिनं करू लागल्या. एक द्राक्षमळ्यातल्या पंपाला लावलं, एक कुंपण छाटायच्या कात्रीला. एक चर्चच्या जत्रेत क्रीम फेटायला लावलं, तर ते चालू आहे हे कोणाला कळलंच नाही आणि क्रीमचं लोणी झालं.

त्यांचंही मंडळ होतं. कायद्यानं सात माणसं लागतात. एक त्या, दुसरी टपाल वाटणारी रोझविटा, मग रोझविटाचा नवरा, त्याचे तीन भाऊ, आणि एक गृहस्थ ज्यांना आपण सभासद आहोत हे अजून माहीत नाही. लेथ एका कोठारात होता. कोठाराच्या मालकानं ते विकलं. तिथे आता सुट्टीवर येणाऱ्यांसाठी खोल्या होणार होत्या. ऑक्टोबरच्या आत लेथ हलवायचा होता आणि तो श्लेहबाईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जात नव्हता. जिन्यातून जात नव्हता आणि मजल्याला पेलतही नव्हता. भंगारवाला दोनदा येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवून गेला होता. बंबघर मिळालं तर लेथ वाचणार, नाहीतर संपलं.

"चालू करा," ड्योर्टनबाख साहेब म्हणाले.

"चालूच आहे," श्लेहबाई म्हणाल्या.

साहेबांनी आसनावर तळहात ठेवला. आमच्याकडच्या मोपेडवर हात ठेवला तर दात वाजतात. साहेबांचे दात शांत होते. त्यांनी कान लावला. आतून शिवणयंत्रासारखी बारीक घरघर येत होती.

"बॅटरी," साहेब म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या म्युकलेंनी लगेच री ओढली. "मी म्हणतच होतो! आजकाल बायका बॅटऱ्या कुठेही लपवतात." त्यांच्या हातात गरम पावांची परडी होती. समितीला बसून काही खायची मनाई होती, म्हणून आम्ही उभ्यानं खाल्लं.

बॅटरीचा शोध सुरू झाला. सांगाड्याच्या नळीत तार घातली. आसन उसवलं. मोपेड चालवणाऱ्या रोझविटाचे बूट काढायला लावले. शेवटी श्लेहबाईंच्या पर्समध्ये बॅटऱ्या सापडल्या. कानाच्या यंत्राच्या, चार, मुगाएवढ्या. साहेबांनी त्या जप्त केल्या. त्यांचं समाधान होईना म्हणून त्यांनी कानाचं यंत्रही जप्त केलं आणि त्यातलीही बॅटरी काढून घेतली. त्यामुळे पुढचा अर्धा तास श्लेहबाईंना कोणाचंच काही ऐकू आलं नाही, आणि वादात त्यांचा फार फायदा झाला.

"उघडा," साहेबांनी हातानं खूण केली.

बाजूचं झाकण निघालं. आत कमरेत आवळलेला, भुईमुगाच्या शेंगेसारखा एक पोकळ डबा होता आणि त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण. बस. 

"पिस्टन कुठाय?" डॉक्टर ओटिलींनी विचारलं.

"काढून ठेवला असणार," म्युकले म्हणाले. "तपासणीसाठी."

"काढून ठेवला तर चालेल कसं?"

"तेच विचारतोय मी. कसं चालतंय हे? विचारा ना तिला!"

विचारून उपयोग नव्हता, पण श्लेहबाईंनी न विचारता त्रिकोणावर बोट ठेवलं. "हा पिस्टन. वरखाली आपटत नाही, गोल फिरतो. म्हणून हलत नाही. कोपऱ्यांवर या पट्ट्या आहेत, त्या भिंतीला घासत जातात. तेल कमी पडलं की मेल्या." मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "झालं का बघून? हवेत धूळ आहे."

झाकण बसवलं. डॉक्टरांनी सिरिंजनं कप्प्यात तेल भरलं. मोठ्यात मोठा कप्पा, लहानात लहान कप्पा, वजाबाकी. एकोणपन्नास सीसी. साहेबांनी तीनदा मोजायला लावलं आणि तिन्ही वेळा एकोणपन्नासच आलं. त्यानंच त्यांचा संशय वाढला. खरी वस्तू इतकी सारखी येत नाही, असं त्यांचं मत होतं.

"थांबा," म्युकले म्हणाले. "त्रिकोणाला बाजू किती?"

"तीन," मी म्हणालो. समितीत आल्यापासून हे माझं पहिलं तांत्रिक मत.

"मग कप्पे तीन. तीन गुणिले एकोणपन्नास! दीडशेचं इंजिन आहे हे! दीडशेचं! गावाला फसवायला निघाली आहे बाई."

प्रश्न गंभीर होता. साहेबांनी अवतीभवती पाहिलं. मोपेडना आशीर्वाद द्यायला कॅथलिक फादर आलेले होते, आणि केकच्या टेबलावर प्रोटेस्टंटांच्या पाद्रीबाई होत्या. साहेब फादरकडे गेले.

"फादर, तुमचा देव एकात तीन, तुम्हाला यातली माहिती आहे. देह एक, तोंडं तीन. एक धरायचं की तीन?"

फादरांचा चेहरा उतरला. "ड्योर्टनबाख, हा प्रश्न मला मोपेडच्या शर्यतीत विचारू नका. यावरून लोकांनी शहरं जाळली आहेत."

"आमचं उत्तर तेच आहे," पाद्रीबाई टेबलावरून म्हणाल्या, "पण आमचा केक चांगला आहे."

साहेब परत आले. त्यांनी श्लेहबाईंसमोर तीन बोटं धरली.

"तीन?" श्लेहबाई म्हणाल्या. "धरा की. एकोणपन्नासची तीन इंजिनं. मग मला तीन नंबर द्या. चौदा, पंधरा, सोळा. ही फेरी मारेल ती तिघांची. पहिला नंबर माझा, दुसरा माझा, तिसरा माझा."

म्युकलेंचे ओठ हलत होते.

"आणि चावी," श्लेहबाई म्हणाल्या, "तीन वर्षं."

"एकच धरा!" म्युकले ओरडले. "एक आहे. बघितलं ना, एकच आहे. मला पहिल्यापासून वाटत होतं."

आता दुसरा कोणी असता तर मिटलं म्हणाला असता. पण साहेबांनी म्युकलेंकडे असं काही पाहिलं की परडीतले पावसुद्धा गार झाले. तक्रार मागे घेणारा माणूस त्यांना तक्रार करणाऱ्यापेक्षा जास्त खटकायचा. त्यांनी खडूनं इंजिनाच्या दांड्यावर खूण केली, धुराच्या नळीवर माझा अंगठा ठेवला आणि दांडा हातानं फिरवला. एका वळशाला अंगठ्यावर एक फुंकर. पुन्हा एक वळसा, पुन्हा एक फुंकर. मग म्युकलेंच्या मोपेडवर तोच प्रयोग. एक वळसा, एक फुंकर.

"म्हणजे बाकीचे दोन कप्पे काय करतात?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टर ओटिली म्हणाल्या, "एक श्वास घेत असेल. दुसरा दाबत असेल."

"म्हणजे वळशाला काम एकाचंच. दोघं तयारीत." साहेबांनी मान हलवली. "हे आमच्या कार्यालयात पण असंच होतं." आणि त्यांनी मोपेड मंजूर केली. बॅटऱ्या शर्यत संपल्यावर मिळतील असं सांगितलं, पण कानाचं यंत्र परत केलं. त्याचा उपयोग बॅटऱ्यांशिवाय होत नाही हे आमच्या थोड्या वेळानं लक्षात आलं आणि मग सगळ्याच परत केल्या.

मग तेल घालायची वेळ आली. म्युकलेंनी आपल्या दोन्ही डब्यांत नेहमीचं माप घातलं. श्लेहबाईंनी दुप्पट. म्युकलेंचे डोळे बारीक झाले.

"दुप्पट का?"

"पट्ट्यांसाठी."

"काय आहे त्या बाटलीत?"

"तेल."

"नुसतं तेल?"

"हुंगा."

म्युकलेंनी हुंगलं. तेलाचाच वास आला. मी त्यांचा चेहरा पाहिला. ज्या माणसाला तेलात तेलाचाच वास येतो आणि तरीही विश्वास बसत नाही, तो पुढे काहीतरी करणार. पण मी तेव्हा पाव खात होतो.

शर्यत सुरू झाली. पहिले दोन तास रोझविटाचं राज्य होतं. इतर मोपेडवरची माणसं दर अर्ध्या तासाला उतरून हात झाडायची, बोटांना मुंग्या यायच्या. रोझविटा अशी बसली होती जणू टपाल वाटायला निघाली आहे. एकदा तिनं चालत्या गाडीवरून पाद्रीबाईंना खरोखरच एक पत्र दिलं. म्युकलेंचा जावई आल्विन दुसरा होता आणि फेरी फेरीनं मागे पडत होता.

फक्त ते इंजिन पेट्रोल फार पीत होतं. आल्विनचा पहिला डबा संपायला अजून अवकाश होता, तेव्हा रोझविटाचा कोरडा झाला. श्लेहबाईंनी हे धरलेलंच होतं. त्यांच्या हिशेबानं दुसरा डबा शेवटच्या फेरीपर्यंत सहज पुरणार होता. त्यांनी राखणीतला दुसरा डबा मागितला. मी आणून दिला. शिक्का शाबूत, डब्यावर खडूनं चौदा.

श्लेहबाईंनी डबा उघडला, नाक लावलं आणि झाकण परत बसवलं.

"हा माझा नाही."

"चौदा लिहिलंय," मी म्हणालो.

"तो चौदा बघ." त्यांनी डबा माझ्या तोंडासमोर धरला. "एकाला एवढी लांब शेपटी गावात कोण काढतं? चाराचं पोट असं फुगलेलं? हा म्युकलेच्या दुकानाच्या फळ्यावरचा चौदा आहे. लिव्हर सॉसेजचा भाव."

बरोबर होतं. तो आकडा मी दर शनिवारी पाहायचो. नऊचा चौदा केलेला होता आणि नऊची पुसट शेपूट खाली दिसत होती. म्युकलेंचा नंबर नऊ. डबे त्यांनी बदलले होते. चोरी म्हणून नाही, तर श्लेहबाईंच्या डब्यात काय जादू आहे ती आपल्याला मिळावी म्हणून.

साहेब आले. त्यांनी शिक्का पाहिला. "शिक्का आत्ता तुम्ही तोडलात, तोवर शाबूत होता. अक्षरावरून मी निकाल देत नाही. चौकशी शर्यतीनंतर. तोपर्यंत हे तुमचंच पेट्रोल."

"यात तेल निम्मं आहे," श्लेहबाई म्हणाल्या. "पट्ट्या जातील. भिंत ओरखडेल. हे इंजिन पुन्हा होणार नाही."

"मग घालू नका."

"घातलं नाही तर लेथ जाईल."

आल्विन समोरून गेला. गेलेल्या फेऱ्या भरून काढायला त्याच्याकडे दीड तास होता. श्लेहबाई डबा धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. डॉक्टर ओटिली म्हणाल्या, "मी असते तर घातलं असतं. इंजिन परत करता येतं."

"हे नाही. अशा पट्ट्या आता मिळत नाहीत," श्लेहबाई म्हणाल्या. "लेथ वाचवायला इंजिन मारायचं आणि मग त्याच लेथवर काय, मेणबत्त्या घडवू?" त्यांनी डबा खाली ठेवला. "रोझविटा, पायडल मार."

रोझविटा तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटते. आमचं गाव एका टेकडीच्या दोन्ही अंगाला आहे आणि बिल नेहमी पलीकडच्या अंगाला असतं. तिनं नाक शिंकरलं आणि पायडल मारायला लागली. छोटं इंजिन हलकं, म्हणून मोपेडही हलकी. तरी ते दृश्य करुण होतं. आल्विन दर थोड्या वेळानं तिला ओलांडून जायचा आणि प्रत्येक वेळी भोंगा वाजवायचा.

"अगं मावशी, टपाल उशिरा येणार वाटतं!" तो ओरडायचा.

"तुझं आलंय," ती ओरडायची, "बँकेकडून!"

फरक कमी होत गेला. एवढ्यात आल्विनचाही डबा बदलला. म्युकलेंनी स्वतःच्या हातानं तो मौल्यवान डबा टाकीत उलटा केला, शेवटच्या थेंबापर्यंत.

पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत मागून निळसर धूर यायला लागला. तिसऱ्या फेरीत त्या धुरातून आल्विन दिसेना. शेतापलीकडच्या गायी उठून निघून गेल्या. दुप्पट तेलानं त्याच्या प्लगवर काजळीचा थर बसला आणि मोपेड एक उचकी देऊन थांबली. त्यानं प्लग पुसला, चालू केली, ती पुन्हा थांबली. लोकांनी नाकं वर केली.

"हा वास," साहेब हळूच म्हणाले, "दुप्पट तेलाचा आहे."

म्युकले त्यांच्याकडे न बघता पाव कापत होते. सुरी उगाचच जोरात चालली होती.

शेवटचा पाऊण तास दोघंही पायडल मारत होते. एकीकडे आल्विन, वय सव्वीस, ढोपरं हनुवटीपर्यंत येणारी, खाली लोखंडाचं जड धूड. दुसरीकडे रोझविटा, वय अठ्ठावन्न, चेहऱ्यावर बिल देताना असतो तसा भाव. गायी चालतात त्याहून जरा हळू. लोक शर्यतीबरोबर चालत होते, मध्येच केक आणून परत सामील होत होते. शेवटची घंटा झाली तेव्हा रोझविटा दोन फेऱ्यांनी पुढे होती. ती उतरली आणि थेट गवतावर आडवी झाली.

म्युकले धावत आले. "बाद करा! इंजिन बंद होतं! शेवटचा दीड तास बंद!"

"तुमचंही बंद होतं," डॉक्टर म्हणाल्या.

"आमचं बंद पडलं! तिनं मुद्दाम बंद ठेवलं!"

साहेबांनी नियमांची प्रत काढली, चष्मा बदलला आणि उभ्यानं संपूर्ण वाचली. नंतर म्हणाले, "नियम पन्नास सीसीच्या आत एवढाच आहे. इंजिन चालू पाहिजे असं कुठेही नाही. पायडल पाहिजेत असं आहे. चौदा नंबरच्या इंजिनाबद्दल सकाळपासून माझ्या मनात शंका होती. एकोणपन्नास की जास्त, खात्री वाटत नव्हती. बंद असताना मात्र ते शून्य भरतं. शून्य पन्नासच्या आत आहे. त्यामुळे विजेत्याबद्दल आता माझी तक्रार नाही. आणि श्रीयुत म्युकले, आता त्या लिव्हर सॉसेजच्या भावाबद्दल बोलू."

बोलणं लांबलं. म्युकलेंनी आधी नाकारलं, मग अक्षर आल्विनचं आहे म्हणाले. आल्विननं लगेच फळ्यावर चौदा लिहून दाखवला. तो वेगळाच निघाला. मग म्युकले खाली बसले.

"मला वाटलं त्यात काहीतरी असणार," ते म्हणाले. "नुसत्या तेलावर कोण एवढं शांत चालतं?"

चावी श्लेहबाईंना मिळाली. त्याच संध्याकाळी त्यांनी कुलूप बदललं. म्युकलेंनी आत टांगलेले सॉसेज न्यायला मुदत मागितली; ती मिळाली, पण प्रत्येक सॉसेज नेताना दारात रोझविटा उभी होती.

लेथ हलवायला कप्पीचा ट्रक लागत होता, आणि तो गावात फक्त म्युकलेंकडे होता. श्लेहबाईंनी दोन रात्री विचार केला आणि मग त्यांना बोलावलं. म्युकले आले, लेथ उचलला, बंबघरात नेला, पाणसळ लावून नीट बसवला, हातसुद्धा पुसले. फार चांगलं काम केलं. त्यामुळे श्लेहबाई अस्वस्थ झाल्या. ते गेल्यावर त्यांनी लेथचा एकेक बोल्ट तपासला. सगळे जागच्या जागी होते.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी मागून ढकलायला मदत केली होती. "वेन्डेल, खिसे दाखव."

मी खिसे उलटे केले. एकातून पावाचा चुरा निघाला आणि दुसऱ्यातून एक नट. तो कुठून आला मला खरंच माहीत नाही. श्लेहबाईंनी तो लेथला लावून पाहिला, इंजिनाला लावून पाहिला, रोझविटाच्या सायकलला लावून पाहिला. कुठेच बसेना. श्लेहबाई, रोझविटा आणि मी, तिघांनीही तो नट उलटसुलट करून पाहिला, आणि मग श्लेहबाईंनी पुढची झडती घ्यायला दार आतून लावून घेतलं.